सोडलेल्या चेंडूची कसोटी : बेसबॉलचा व्हिडिओ गेम कसा पारखावा

मुंबईत बेसबॉलचा व्हिडिओ गेम विकत घेणारा माणूस बहुधा क्रिकेटवर वाढलेला असतो, आणि म्हणून तो गेमची परीक्षा भलत्याच जागी घेतो. फटका किती लांब जातो, प्रेक्षकांचा गलका खरा वाटतो का, खेळाडूंचे चेहरे हुबेहूब आहेत का, एवढे पाहून तो खूश होतो किंवा नाराज होतो. बेसबॉलच्या गेमचे खरे गुणदोष मात्र पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटर (फलंदाज) यांच्यामधल्या १८.४४ मीटरांत असतात, आणि ते ओळखण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे बॅट खांद्यावर ठेवून चेंडू सोडून पाहणे. पुढील उदाहरणे मुख्यतः सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओच्या ‘एमएलबी द शो’ या मालिकेतील आहेत (एमएलबी म्हणजे मेजर लीग बेसबॉल, अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा). ही मालिका २००६ मध्ये सुरू झाली, २०२१ पर्यंत ती फक्त प्लेस्टेशनपुरती होती, आणि त्या वर्षी एक्सबॉक्सवर व पुढच्या वर्षी निन्टेंडो स्विचवर आली. विंडोजच्या संगणकावर ती मिळत नाही, तेव्हा घरी फक्त लॅपटॉप असेल त्याने या लेखाच्या शेवटाकडील पर्याय आधी वाचावेत.

पारख सुरू करण्यापूर्वी टीव्हीची सेटिंग तपासावी, कारण टीव्हीचा दोष गेमच्या माथी मारला जाण्याची शक्यता या खेळात फार मोठी आहे. ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाचा फास्टबॉल पिचरच्या हातातून सुटल्यावर बॅटरपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये ही केवळ २४ चित्रे होतात, आणि चेंडू कोणता आहे हे ओळखणे, खेळायचा की सोडायचा हे ठरवणे आणि बटण दाबणे हे सारे त्यांतच उरकावे लागते. चित्र अधिक गुळगुळीत आणि झळाळदार करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो, तिच्यात यांतील काही चित्रे सहज खर्ची पडतात. टीव्हीत ‘गेम मोड’ असल्यास तो सुरू करावा आणि चित्र सुधारण्याच्या बाकीच्या सोयी बंद कराव्यात. एवढे केल्याशिवाय ‘या गेममध्ये बॅट उशिरा फिरते’ ही तक्रार करू नये.

आता मुख्य कसोटी. काठिण्याची मधली पातळी निवडावी. ‘द शो’मध्ये ती ‘ऑल-स्टार’ या नावाची आहे. संगणकाविरुद्ध साधा सामना लावावा आणि पहिल्या तीन इनिंगमध्ये बॅट अजिबात फिरवू नये (बेसबॉलची इनिंग छोटी असते, तीन गडी बाद होताच संघाची पाळी संपते). स्ट्राइकची चौकट म्हणजे प्लेटच्या, म्हणजे बॅटरपुढील पाटीच्या वर, त्याच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतची काल्पनिक जागा. सोडलेला चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल, आणि तीन स्ट्राइकना बॅटर बाद होतो. शेजारी कागद ठेवून प्रत्येक चेंडू या चौकटीत पडला की बाहेर, आणि त्या वेळी बॉल व स्ट्राइक किती झाले होते, याची नोंद करावी. मेजर लीगमधले पिचर सुमारे निम्मेच चेंडू चौकटीत टाकतात. निम्मे आत आणि निम्मे बाहेर असा हिशेब धरला, तर मुळीच बॅट न फिरवणाऱ्यालाही साधारण तीनपैकी एका वेळी चार बॉल होऊन वॉक, म्हणजे पहिल्या बेसवर (धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर) फुकट जाण्याचा हक्क, मिळायला हवा. तीन इनिंग संपल्या आणि एकही वॉक मिळाला नाही, तर संगणकाचा पिचर अवास्तव अचूक आहे असे समजावे. बेसबॉलच्या गेममध्ये हा दोष वारंवार आढळतो, आणि तो असला की उरलेल्या गुणांची किंमत निम्म्यावर येते, कारण सोडण्यात काही लाभच नसेल तर खेळणारा प्रत्येक चेंडूवर तुटून पडतो आणि खेळाची सगळी बुद्धी संपते.

याहून बारीक गोष्ट त्या कागदावरच्या नोंदींत सापडते. एकही बॉल नाही आणि दोन स्ट्राइक झाले आहेत, अशा स्थितीत खरा पिचर चौकटीच्या मधोमध चेंडू टाकत नाही. तो स्लायडर खाली आणि बाहेर सोडतो. चेंडू अर्ध्या वाटेपर्यंत फास्टबॉलसारखा दिसतो, मग प्लेटच्या कडेला वळून गुडघ्याखाली उतरतो, आणि घाबरलेला बॅटर त्याला छेडायला जातो. उलट तीन बॉल झाले आणि स्ट्राइक एकही नाही, तेव्हा तोच पिचर निमूटपणे फास्टबॉल चौकटीत आणतो. संगणकाचा पिचर या दोन परिस्थितींत वेगळा वागतो की नाही, हे पाहावे. वागत असेल, तर गेम बनवणाऱ्यांना बेसबॉल कळतो. प्रत्येक परिस्थितीत तो एकाच ठशाचे चेंडू टाकत असेल, तर चेहरे कितीही हुबेहूब असले तरी तो गेम महिन्याभरात कंटाळवाणा होतो. (शिवाजी पार्कात ज्यांनी ऑफस्टंपबाहेरचे चेंडू सोडायचे धडे घेतले आहेत, त्यांना ही परीक्षा फार आवडते, टेनिस बॉलच्या गल्ली क्रिकेटमधून आलेल्यांना मात्र तीन इनिंग बॅट आवरणे जड जाते.) मुंबईची जी खडूस फलंदाजी नावाजली जाते, तिला बेसबॉलच्या गेममध्ये मोल मिळाले पाहिजे.

‘द शो’ या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो, पण पूर्णपणे नाही. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये संगणकाचे पिचर गरजेपेक्षा जास्त चौकटीत राहतात, असे माझे मत आहे. त्यावरचा उपायही त्याच गेममध्ये आहे, आणि हा मी त्याचा मोठा गुण मानतो: स्लायडर नावाच्या सरकपट्ट्यांनी (यांचा वर आलेल्या चेंडूशी संबंध नाही) पिचरचे नियंत्रण, संगणकाच्या स्ट्राइकचे प्रमाण, चेंडूचा वेग, क्षेत्ररक्षणातील चुका अशा गोष्टी कमी-जास्त करता येतात. पिचरचे नियंत्रण आणि स्ट्राइकचे प्रमाण एकेक घर खाली आणावे, तीन इनिंगची परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि वॉक मिळू लागेपर्यंत हेच करावे. एका वेळी अनेक पट्ट्या हलवू नयेत, नाहीतर कशामुळे काय बदलले हे कळत नाही.

बॅट फिरवण्याची परीक्षा यानंतर घ्यावी. ‘द शो’मध्ये बॅटिंगच्या तीन मुख्य पद्धती आहेत: नुसत्या वेळेवर चालणारी, दिशा देण्याची, आणि डाव्या स्टिकने एक छोटे लक्ष्यचिन्ह चेंडूच्या जागी नेण्याची. तिसरी पद्धत शिकायला कठीण आहे, तरी परीक्षा तिच्यावरच घ्यावी, कारण चूक आपली होती की गेमची हे तिच्यात स्पष्ट दिसते. प्रत्येक फटक्यानंतर गेम वेळ आणि जागा यांचा निवाडा पडद्यावर दाखवतो. ‘लवकर’ असा शेरा आला आणि उजव्या हाताच्या बॅटरचा चेंडू डावीकडे गेला, तर हिशेब बरोबर आहे. अगदी अचूक फटकासुद्धा कधी कधी क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो, आणि त्यावर खेळणारे फार चिडतात. पण मेजर लीगमध्येही ताशी ९५ मैलांहून जोरात मारलेल्या फटक्यांपैकी जवळजवळ निम्मे बाद ठरतात. त्यामुळे एक-दोन अचूक फटके झेलले गेले म्हणून गेमला दोष देऊ नये. चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी मारलेले चेंडू वारंवार होम रन (कुंपणापलीकडे जाणारे, क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) होऊ लागले, तर मात्र जरूर द्यावा.

पिचिंगमध्ये ‘पिनपॉइंट’ ही पद्धत २०२१ च्या आवृत्तीत आली. प्रत्येक चेंडूसाठी उजव्या स्टिकने ठरावीक आकृती काढायची आणि शेवटी अचूक क्षणी दिशा द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. हाताला वळण लागेपर्यंत ती छळते आणि नंतर अतिशय समाधान देते, परंतु सरावलेल्या हाताला तीच इतकी अचूकता देऊ करते की मैदानावरचा पिचर कसलेला आहे की नवखा, हा फरक पुसट होतो. हे तपासायचे असेल तर सुरुवातीच्या पिचरला बदलू नये आणि त्याच्याकडून शंभराच्या पुढे चेंडू टाकून घ्यावेत. वेग उतरला, आकृती बरोबर काढूनही चेंडू मधोमध येऊ लागले, बॅटरचे फटके दूर जाऊ लागले, तर गेममध्ये थकव्याला अर्थ आहे. तसे काहीच झाले नाही, तर राखीव पिचरांची अख्खी फौज गेममध्ये केवळ शोभेला आहे, असे म्हणावे लागेल.

क्षेत्ररक्षण आणि धावणे या बाबतीत बहुतेक सगळे गेम लंगडे आहेत. बेसवर दोन धावपटू असताना नेमका कोणता पुढे न्यायचा हे बटणांनी सांगताना नवशिक्याची तारांबळ उडते, आणि क्षेत्ररक्षक एकदा ठरलेल्या हालचालीत शिरला की ती संपेपर्यंत आपले ऐकत नाही. सुरुवातीला धावपटूंचा कारभार संगणकाकडे सोपवावा आणि या भागावर फार वेळ घालवू नये.

मैदानांची परीक्षा मात्र रंजक आहे, आणि क्रिकेटवाल्यांना ती चटकन कळते. बॉस्टनचे फेनवे पार्क १९१२ सालचे आहे. तिथल्या डावीकडची भिंत सुमारे ३७ फूट उंच आहे, पण प्लेटपासून तिचे कोपऱ्यातले अंतर जेमतेम ३१० फूट आहे. त्यामुळे एरवी झेल ठरेल असा उंच फटका तिथे भिंतीवरून पलीकडे जाऊ शकतो, आणि एरवी होम रन ठरेल असा सपाट, जोरकस फटका भिंतीवर आपटून परत येतो. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ असल्याने तिथे चेंडू अधिक दूर जातो, आणि वळणारे चेंडू कमी वळतात. तोच पिचर आणि तोच बॅटर घेऊन या दोन मैदानांवर सराव करावा. दोन्हीकडे चेंडू सारखाच वागला, तर मैदाने ही नुसती रंगवलेली चित्रे आहेत.

अनेक हंगाम एकच संघ चालवण्याचा ‘फ्रँचाइझ’ हा प्रकार ज्याला खेळायचा आहे, त्याने पैसे देण्यापूर्वी मित्राच्या घरी बसून एक संपूर्ण हंगाम संगणकाकडून खेळवून घ्यावा आणि शेवटी आकडे वाचावेत. प्रत्येक संघाचे १६२ सामने झाल्यावर साऱ्या लीगची बॅटिंगची सरासरी (क्रिकेटसारखी धावांची नव्हे, तर बॅटिंगच्या संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका मारला त्याचे प्रमाण) .२४० ते .२५० च्या आसपास यायला हवी. २०२४ मध्ये ती .२४३ होती. एका हंगामात सर्वाधिक होम रनचा विक्रम बॅरी बाँड्सच्या नावावर आहे आणि तो ७३ चा आहे, २००१ सालचा. आरन जजने २०२२ मध्ये ६२ मारले, तेव्हा तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) विक्रम झाला. गेममध्ये दरवर्षी कोणी ना कोणी ८० च्या पार जात असेल, तर हिशेब बिघडलेला आहे. खेळाडूंच्या अदलाबदलीचीही एक कसोटी आहे. आपल्याकडचे उतारवयाचे तीन सामान्य खेळाडू देऊन समोरच्या संघाचा बाविशीतला उत्तम पिचर मागावा. संगणकाने तो आनंदाने दिला, तर त्या फ्रँचाइझमध्ये दोन हंगामांनंतर आव्हान उरणार नाही. ‘द शो’चा हा भाग त्याच्या मैदानावरील खेळाच्या मानाने कच्चा आहे आणि वर्षानुवर्षे हळूहळूच सुधारतो. विरारहून चर्चगेटला रोज ये-जा करणाऱ्याला १६२ सामने खेळायला सवड मिळणार नाही, हेही उघड आहे. त्याच्यासाठी मोक्याचे प्रसंगच खेळवून हंगाम पुढे नेणारा ‘मार्च टू ऑक्टोबर’ हा प्रकार अधिक सोयीचा आहे.

ऑनलाइन खेळाबद्दल मुंबईकराने वेगळा विचार करावा. वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलमधून आपला संकेत अमेरिकेत जाऊन परत यायला सुमारे २०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. ज्या खेळात चेंडूचा सारा प्रवासच ४०० मिलिसेकंदांचा आहे, तिथे एवढी उधळपट्टी परवडत नाही, मग घरातले इंटरनेट कितीही वेगवान असो. पत्ते जमवून संघ बांधण्याचा ‘डायमंड डायनेस्टी’ हा प्रकार गाजलेला आहे आणि पैसे न टाकताही त्यात चांगले पत्ते मिळतात, हे खरे आहे. तरी त्यातले संगणकाविरुद्धचे सामनेच खेळावेत आणि खऱ्या पैशांनी ‘स्टब्ज’ हे गेममधले चलन घेण्याच्या भानगडीत पडू नये. समालोचन लवकरच पाठ होते, त्याचा आवाज कमी ठेवावा. २०२३ च्या आवृत्तीत आलेला निग्रो लीगवरचा (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या जुन्या, वेगळ्या लीगवरचा) विभाग मात्र सोडू नये. कॅन्सस सिटीतील निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियमचे अध्यक्ष बॉब केंड्रिक यांच्या निवेदनातून वर्णभेदाच्या काळातील खेळाडूंची ओळख होते आणि त्यांचे प्रसंग आपल्याला खेळता येतात. या मालिकेतील ती सर्वांत चांगली गोष्ट आहे.

लॅपटॉपवर खेळणाऱ्यासाठी दोन वाटा आहेत. ‘सुपर मेगा बेसबॉल ४’ हा २०२३ चा गेम दिसायला व्यंगचित्रासारखा आहे, पण त्याचा खेळ गंभीर आहे, आणि ‘ईगो’ नावाच्या ० ते ९९ च्या मापाने त्याची काठिण्यपातळी हवी तशी जुळवता येते. शिकण्यासाठी मी तर आधी हाच सुचवीन. ज्याला कंट्रोलर हातात न घेता फक्त व्यवस्थापन करायचे आहे, त्याने ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ पाहावा. त्यात आकड्यांचे रान आहे, आणि त्या रानात रमणाऱ्यालाच तो मानवतो.

‘द शो’ची नवी आवृत्ती साधारणपणे मार्च महिन्यात, हंगामाच्या तोंडावर येते आणि हंगाम संपत आला की तिची किंमत उतरते. लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीच्या माणसाकडून जुनी डिस्क घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, ती कोणत्या यंत्रासाठी आहे, कारण २०२५ ची आवृत्ती पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर चालत नाही, आणि त्या यंत्रांवर २०२४ चीच शेवटची आहे. दुसरी, ती किती वर्षांपूर्वीची आहे, कारण जुन्या आवृत्त्यांचे सर्व्हर काही काळाने बंद होतात आणि मग डायमंड डायनेस्टीसारखे ऑनलाइनवर अवलंबून असलेले भाग निकामी होतात. फ्रँचाइझ आणि साधे सामने तेवढे चालू राहतात. चेंडू सोडायला शिकण्यापुरते तेवढे पुरते.