पुस्तकांना कीड लागलीय? या चुका टाळा

सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयाचं कपाट उघडलं, तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला आणि आतल्या पोथ्यांची पार चाळण झालेली. गोळ्या टाकल्यात म्हणून कपाटाकडे कुणी फिरकलंच नव्हतं. गोळ्यांच्या वासाने कसर थोडी लांब राहते. पुठ्ठ्याच्या आत पोखरत बसलेल्या अळीला त्याचं काही नाही.

म्हणून औषधाआधी खुणा बघा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली भुकटी असेल, तर भुंगेऱ्याची अळी. कागद वरवर खरवडल्यासारखा दिसला, तर चंदेरी कसर. मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी, आणि तिचा बंदोबस्त पुस्तकात नव्हे, भिंतीत आणि जमिनीत करायचा.

किड्यांचा खरा जीव खळीवर. सोलापूरकराला खळ वेगळी सांगायला नको, मागावर चढण्याआधी सुताला तीच लागते. बाइंडरचीही पिठाचीच असते. म्हणून कीड बहुतेक कण्यापाशी आणि पुठ्ठ्याखाली सापडते. नवी बांधणी करून घेताना खळीचा जाड थर देऊ नका, आणि पुस्तक ओलसर असताना कपाटात ठेवू नका.

मे महिन्यात गच्चीवर पुस्तकं वाळत घालणारे आहेतच. चाळिशीपार उन्हात कागद पिवळा पडून कडक होतो, पुठ्ठे वाकतात, कसर मात्र उजेड टाळून आतल्या घडीत जाऊन बसते. सावलीत, वाऱ्यावर उघडा. कडुनिंबाचा ओला पाला पानांत घालणं तर डाग आणि ओल विकत घेणं. वेखंडाची पुरचुंडी फळीवर ठेवा, पण तो उपाय कीड येऊ नये म्हणून. आलेली कीड त्याने जात नाही. फवारा पुस्तकांवर कधीच नको, शाई फुटते.

आत अळी असेल तर गोठवणं हा मला सगळ्यांत भरवशाचा उपाय वाटतो. कोरडं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. लोक चुकतात ते इथे: बाहेर काढल्या काढल्या पिशवी उघडतात आणि गार कागदावर दव धरतं. २४ तास तशीच राहू द्या. ताडपत्र, चामड्याची बांधणी आणि फोटो मात्र यात घालू नका; त्यासाठी जाणकाराला विचारा.

देणगीत आलेली पुस्तकं थेट फळीवर लावू नका, महिनाभर वेगळी ठेवा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. सोलापूरला सप्टेंबरातच पाऊस जोर धरतो, भिंती तेव्हाच पाझरतात.

उपचारानंतर पुस्तक ब्रशने झाडून काळ्या कागदावर ठेवा. काही आठवड्यांत त्यावर ताजी भुकटी पडली, तर अळी जिवंत आहे. पुन्हा फ्रीजर.