काळी रेघ
ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या दुकानात जूनमध्ये ॲडमिशनची झुंबड. नेमकी तेव्हाच प्रत्येक झेरॉक्सवर केसासारखी उभी काळी रेघ यायला लागली. शेठ म्हणाले, ड्रम गेला, म्हणजे मशीनमधला छपाईचा रोल. मला पटेना. तोच कागद मोठ्या काचेवर पालथा ठेवून काढला, तर कॉपी स्वच्छ! म्हणजे ड्रम ठीक, भानगड फीडरची, म्हणजे कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागाची. फीडरमधून कागद जातो तेव्हा स्कॅनर जागचा हलत नाही, बाजूच्या अरुंद काचपट्टीतूनच वाचतो. तिथे फॉर्मवरच्या फोटोचा गोंद लागून धूळ चिकटली होती, टाचणीच्या डोक्याएवढी. कागद सरकतो, ठिपका तिथेच, म्हणून रेघ. नखाने खरवडायचा मोह आवरला, फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं. आता ओल्या गोंदाचा फॉर्म फीडरमध्ये घालतच नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.