शहराची हवा आणि उष्णता मोजताय? आधी या चुका टाळा

पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीचे प्रकल्प दरवर्षी नवे असतात, चुका मात्र त्याच. बहुतेक चुका घाईच्या असतात: यंत्र हातात आलं की लगेच टांगायचं आणि दुसऱ्या दिवशी आलेख.

सेन्सर टांगला, आकडा छापला

एसडीएस०११ किंवा पीएमएस५००३ हे स्वस्तातले सेन्सर धूळ तोलत नाहीत. कणांवरून विखुरलेला लेझरचा प्रकाश मोजून ते वजनाचा अंदाज बांधतात. हवा दमट झाली की कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो आणि आकडा चढतो. आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर गेली की या फरकाकडे काणाडोळा करता येत नाही. एसडीएस०११ची तर कामाची मर्यादाच ७० टक्के दिलेली आहे. हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्रातलं बीटा किरणांवर चालणारं यंत्र आत येणारी हवा तापवून तिचा दमटपणा कमी करतं. तुमच्या डबीत ती सोय नाही.

पुण्यातल्या एका गटानं एक सेन्सर नदीपात्रातल्या रस्त्याकडेला लावला, दुसरा टेकडीवर. मोजमाप डिसेंबर-जानेवारीतलं, पहाटेचं. निष्कर्ष असा की नदीकाठची हवा टेकडीपेक्षा कितीतरी वाईट आणि कारण वाहनं. भल्या पहाटे त्या रस्त्यावर वाहनं असतात किती, हे कुणी विचारलं नाही. पात्रावर धुकं होतं. आर्द्रतेचा रकाना त्याच फाइलमध्ये पडून होता, तो कुणी पाहिला नव्हता. दोन्ही सेन्सर एकदाही शेजारी-शेजारी ठेवले नव्हते, त्यामुळे फरक जागेचा की डब्यांचा, तेही कळायला मार्ग नाही. गंमत म्हणजे निष्कर्ष अर्धा खरा असू शकतो. थंडीत रात्री गार हवा खोलगट भागात साचते, वर उबदार थर बसतो आणि धूर खालीच कोंडतो. पण त्यात धूर किती आणि धुकं किती, हे त्या डेटातून वेगळं काढता येईना. पुढचा हिवाळा येईपर्यंत डिग्री संपलेली असते.

म्हणून आधी सगळे सेन्सर एकाच गच्चीवर, एकाच उंचीवर, निदान आठवडाभर. मग जमलं तर सरकारी केंद्राजवळ दोन आठवडे, आणि मोजमाप संपल्यावर पुन्हा एकदा. परवानगीचं पत्र सत्राच्या पहिल्या आठवड्यात द्या, कारण ते टेबलांवरून फिरत राहतं. आर्द्रतेचा सेन्सर डब्याच्या आत ठेवू नका. आतली उष्णता त्याला बाहेरच्यापेक्षा कोरडी हवा दाखवते.

आणि सेन्सरचा आकडा दुरुस्त करणारं ते अमेरिकन सूत्र! ०.५२४ गुणिले पीएम (हवेतल्या बारीक कणांचा आकडा), वजा ०.०८६२ गुणिले आर्द्रता, अधिक ५.७५. ते अमेरिकेतल्या हवेवर, पर्पलएअर नावाच्या यंत्रांसाठी बसवलेलं आहे. आपल्याकडे धुळीचं, कचरा जाळण्याचं, चुलीच्या धुराचं प्रमाण वेगळं. दोन आठवड्यांच्या शेजार-मोजणीतून स्वतःचे गुणांक काढणं एका दुपारचं काम आहे, तरी सूत्र चिकटवण्याचा मोह कुणाला आवरत नाही. त्यातही पीएमएस५००३ दोन प्रकारचे आकडे देतो, ‘सीएफ-१’ आणि ‘वातावरणीय’. हे सूत्र पहिल्यावर बसवलंय आणि लावलं जातं बहुधा दुसऱ्यावर.

या सेन्सरचा पीएम१०चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा तर अहवालात नसलेलाच बरा. बांधकामाची जाड धूळ त्यांना नीट दिसतच नाही.

उपग्रहाचं चित्र म्हणजे उष्ण बेट नव्हे

लँडसॅट या उपग्रहाची एप्रिल-मे मधली प्रतिमा घ्यायची, रंगवायची आणि ‘शहर तापलं’ असा मथळा द्यायचा, हा दुसरा लाडका आजार. लँडसॅट आपल्यावरून साधारण सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो आणि जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान टिपतो, हवेचं नाही. त्या वेळी शहराबाहेरची नांगरून पडलेली रानं आणि उघडा मुरूम शहरापेक्षा जास्त तापलेला असतो. मग चित्रात शहरच थंड दिसतं आणि विद्यार्थी घाबरून प्रतिमा बदलतात. घाबरू नका, उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसा असंच होतं. उष्ण बेट, म्हणजे आजूबाजूच्या रानापेक्षा गरम राहिलेलं शहर, खरं दिसतं ते सूर्यास्तानंतर, जेव्हा रान भराभर निवतं आणि सिमेंट निवत नाही.

पत्र्याची वस्ती बघा. कोरा, चकचकीत पत्रा उष्णतेचे किरण कमी सोडतो, म्हणून उपग्रहाला तो थंड वाटतो. आत बसलेल्या माणसाला विचारा. हवेचं तापमान हवं तर दीड मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या आडोशात, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब मोजा. डीएचटी११ हा स्वस्तातला तापमानाचा सेन्सर वापरू नका. त्याची चूक दोन अंशांपर्यंत जाते आणि तुम्ही शोधताय तो फरकच दोन-तीन अंशांचा.

लँडसॅटचा तयार तापमान-पट्टा घेतलात तर त्यातला आकडा ०.००३४१८०२ ने गुणून १४९ मिळवा, मग २७३.१५ वजा करा. हे विसरलेले अहवाल लगेच ओळखू येतात. तापमान हजारांत असतं.

किरकोळ, पण मार्क खाणाऱ्या

वाऱ्याच्या दिशेची साधी सरासरी काढू नका. ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो.

उपग्रहाचा आणि ईआरए५ या हवामानाच्या जागतिक माहितीसंचाचा डेटा जागतिक वेळेत असतो. सकाळी नऊची गर्दी साडेतीनला दिसली तर साडेपाच तास मिळवा.

नायट्रोजन डायऑक्साइडचा १ पीपीबी म्हणजे २५ अंशांना घनमीटरमागे सुमारे १.८८ मायक्रोग्रॅम. एकक न बघता आकडे जोडणाऱ्यांना व्हायवात हे विचारलं जातंच.

जुलैची हवा डिसेंबरपेक्षा स्वच्छ निघाली, तर श्रेय पावसाला द्या, महापालिकेच्या योजनेला नको.

तासाभराच्या रीडिंगवरून एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) काढू नका. पीएमसाठी २४ तासांची सरासरी लागते, ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी ८ तासांची. निदान तीन प्रदूषकं हवीत आणि त्यात पीएम२.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) किंवा पीएम१० असायलाच हवं. एक्यूआयपुढे ‘मायक्रोग्रॅम’ लिहू नका. पीएम२.५ ६० मायक्रोग्रॅम असतं तेव्हा त्याचा निर्देशांक १०० असतो, ६० नव्हे.