दोन इमारतींमधल्या नेटवर्क केबलचं अर्थिंग आणि सर्जपासून संरक्षण

वीज केबलवरच पडायला हवी असं नाही. ती आसपास कुठेही पडली, तरी दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. मधे तांब्याची केबल असेल तर तो फरक तिच्यातून वाट काढतो; व्होल्टेजच्या अशा अचानक उसळीलाच सर्ज म्हणतात. इथरनेट पोर्टचं इन्सुलेशन साधारण १५०० व्होल्टच्या चाचणीला उतरेल इतपतच असतं.

म्हणून आधी तांबं टाळता येतं का ते पाहा. फायबर म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने डेटा नेणारी केबल; तिच्यातून वीज वाहत नाही आणि तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादाही तिला नाही. दोन्ही टोकांना एसएफपी पोर्टचे (फायबरचं मॉड्यूल बसेल असे) स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारी पेटी) लावले की झालं. केबल मात्र बिनधातूची घ्या. पोलादी आर्मर (कवच) किंवा आधाराची तार असेल, तर इमारतीत शिरतानाच ती अर्थ करावी लागते. माझं मत विचाराल तर पुढचं सगळं वाचण्याआधी फायबरचाच हिशेब करून बघा.

तांबंच वापरायचं असेल, तर बाहेरच्या वापराची केबल घ्या. जमिनीखालून न्यायची तर जेल भरलेली घ्या आणि विजेच्या केबलपासून वेगळ्या पाइपातून न्या.

नंतर दोन्ही इमारतींत, केबल आत शिरते तिथेच, सर्ज प्रोटेक्टर बसवा. एकाच टोकाला बसवून दुसरं टोक वाचत नाही. प्रोटेक्टर तुमच्या वेगाला आणि पीओई (नेटवर्क केबलमधूनच उपकरणाला वीज देणं) असल्यास त्यालाही चालणारा हवा.

खरी गोम प्रोटेक्टरच्या अर्थच्या तारेत आहे. ही तार त्याच इमारतीच्या मुख्य अर्थ बारला (अर्थिंगच्या तारा एकत्र येतात त्या पट्टीला) जोडायची: जाड, आखूड, सरळ, वेटोळं न करता. मीटरभर तारेत साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) असतो. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १००० अँपिअरने वाढला, तर तेवढ्या तारेवरच १००० व्होल्ट उभे राहतात. नेटवर्कसाठी वेगळा रॉड ठोकून तो मुख्य अर्थिंगला न जोडणं तर त्याहून वाईट. एकाच इमारतीत दोन अर्थ तयार होतात आणि सर्ज दोघांच्या मधल्या उपकरणातून जातो. हे जोडकाम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि आभाळ गडगडत असताना नको.

शील्डवाली (आत धातूचं आवरण असलेली) केबल दोन्हीकडे थेट अर्थ केली, तर शील्डमधून सतत प्रवाह वाहू शकतो. प्रोटेक्टर नीट लावलेले असतील तर साधी यूटीपी (बिनशील्डची) केबल पुरते.

स्विचच्या वीजपुरवठ्यालाही सर्ज संरक्षण द्या. वादळानंतर गिगाबिटची लिंक १०० मेगाबिटवर आली किंवा सारखी तुटू लागली, तर आधी प्रोटेक्टर बदलून पाहा.