गंजलेली जीटीओ 'जज' उभी करताना

१९६९ ची पाँटिअक जीटीओ 'जज', म्हणजे जुनी दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी, विकायला आहे असं कळलं की लोक टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतात. मी आधी कागद मागतो. व्हीआयएन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, त्यात सुरुवातीचे २४२ म्हणजे जीटीओ. पुढे ३७ असेल तर हार्डटॉप, ६७ असेल तर कन्व्हर्टिबल. मग ९ म्हणजे १९६९, आणि त्यानंतरचं अक्षर कारखान्याचं. 'पी' असेल तर गाडी आमच्या मिशिगनमधल्या पाँटिअक गावातच जन्मलेली. पण ती 'जज' आहे की साधी जीटीओ, हे त्या नंबरात कुठेच नाही. 'जज' हा डब्ल्यूटी१ नावाचा ऑप्शन होता. मागचा पंख, पट्टे, स्टिकर सगळं बाजारात नवं मिळतं, त्यामुळे साध्या जीटीओला 'जज'चा वेश चढवायला फार काही लागत नाही. त्या वर्षी ६,८३३ 'जज' बनल्या, त्यांत कन्व्हर्टिबल फक्त १०८. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते तेव्हा मला वाटतं, तेवढ्या तर समोरूनच गेल्या.

यावर उपाय एकच. पीएचएस नावाची सेवा पाँटिअकच्या मूळ बिलांच्या नोंदी सांभाळून आहे. व्हीआयएन पाठवून पैसे भरले की तुमच्या गाडीच्या नोंदीची प्रत मिळते. ती हातात पडेपर्यंत विक्रेत्याला एक डॉलर देऊ नका.

मग इंजिन बघा. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बाजूला, दोन अक्षरं ठोकलेली असतात. 'जज'मध्ये रॅम एअर ३ किंवा रॅम एअर ४ नावाचं इंजिन असायचं. रॅम एअर ३ ला मॅन्युअल गिअर असेल तर डब्ल्यूएस, ऑटोमॅटिकला वायझेड. रॅम एअर ४ ला डब्ल्यूडब्ल्यू किंवा एक्सपी. जवळच व्हीआयएनचा शेवटचा भाग असतो, तो गाडीशी जुळला पाहिजे. तिथे तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावणाऱ्याला गॅरेजात घेऊ नका. पेंट रिमूव्हर आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. ठोकलेली अक्षरं पुसली गेली तर गाडीची किंमतही पुसली जाते.

गाडी घरी आली की काही म्हणजे काही फेकायचं नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो, तिथे भंगारसुद्धा उलटंपालटं करून बघितल्याशिवाय विकत नाहीत. सडलेला तुकडासुद्धा नव्या तुकड्याचं माप असतो. क्वाड्राजेट कार्ब्युरेटरचा नंबर ७०२९ ने सुरू होत असेल तर तो १९६९ चा आहे. कितीही कळकट असला तरी तोच दुरुस्त करा, चकचकीत नवा घेऊ नका. मडगार्ड आणि बॉडी माउंटखाली किती शिम, म्हणजे उंची जुळवायच्या पातळ चकत्या, होते ते उघडतानाच लिहून ठेवा. दारांच्या फटी पुढे त्यावरच जमतात.

आता पत्रा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मिशिगनची गाडी खालून खाल्लेली असते. मागच्या चाकामागचा बाजूचा पत्रा आणि डिकीचा तळ तर सगळ्यांनाच दिसतो. मी मागच्या काचेखालची खाच बघतो. क्रोमची पट्टी बसवायच्या खिळ्यांपाशी पाणी साचतं, तिथून डिकीत उतरतं. वर व्हिनाइलचं छप्पर असेल तर ते खाली काय झाकून बसलंय ते ओळखा. जीटीओला वेगळी चेसिस असते. तिचे मागचे, अ‍ॅक्सलजवळचे पोकळ भाग आतून चिखलाने भरलेले असतात. छोट्या हातोडीने वाजवत जा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला की तिथे सड आहे.

कापायच्या आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून घ्या. नाहीतर खालचा पत्रा काढताच बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. चेसिसचे कर्ण मोजा. नवा तुकडा जुन्यावर चढवू नका, त्या दोन थरांमध्ये पाणी अडतं. कडेला कड लावून ०.०२३ इंची तारेने मिग वेल्डिंग करा. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग थंड होऊ द्या. सलग ओढलंत तर पत्र्याला लाटा येतील आणि त्या झाकायला लांबीचे (पुट्टीचे) डबेच्या डबे रिकामे होतील. बॉनेट, छप्पर आणि दारांवर वाळूचा मारा करू नका. त्यानेही पत्रा फुगतो.

समोरचं नाक पत्र्याचं नाही, ते एन्ड्युरा. पोलादी सांगाड्यावरचा युरेथेन फोम आणि त्यावर गाडीचाच रंग. त्याला वाळूही नको, रंग काढायचं केमिकलही नको. हाताने पॉलिश पेपर मारा, भेगांत लवचीक भरणी घाला, रंगात तो लवचीक ठेवणारं फ्लेक्स मिसळा. चांगलं मूळ नाक दुर्मिळ असतं, म्हणून गाडी घेताना मी त्याचे पैसे वेगळे मोजतो.

रंगाबद्दल एवढंच सांगतो, फायरवॉलवरच्या पाटीवर ७२ असेल तर तो कॅरोसेल रेड. नावात रेड असलं तरी दिसायला नारिंगीच. पाटीवर दुसरा कोड असेल तर तोच रंग द्या.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं ओता, थांबा, मग क्रँकच्या बोल्टवर लांब पाना लावून मागे-पुढे हलवा. हललं तरी खालचं तेलाचं चेंबर उघडाच. टायमिंग चेनच्या वरच्या गिअरला त्या काळी नायलॉनचे दात होते. ते तुटून तेलाच्या जाळीत अडकतात आणि बेअरिंग कोरडी पडतात. तिथे पोलादी गिअर घाला. रॅम एअर ३ चं कॉम्प्रेशन १०.७५ होतं, ते शिसेवाल्या पेट्रोलच्या हिशेबाने. पंपावरच्या आजच्या पेट्रोलवर ते ठोकेल, म्हणून खोलगट पिस्टन घालून साडेनऊच्या आसपास आणा. बाहेरून काहीच कळत नाही. हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवा आणि पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घ्या.

नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल तर पहिल्यांदा चालू करण्याच्या दिवशी तेल झिंकवालंच हवं. इंजिन लागलं की आयडलवर सोडू नका. लगेच मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वर न्या आणि वीस मिनिटं थोडं वर-खाली करत तिथेच ठेवा. एकाने रेडिएटरकडे आणि तेलाच्या प्रेशरकडे बघायचं, दुसऱ्याने हातात अग्निशामक धरायचा. बंद केल्यावर तेल गरम असतानाच सोडा, फिल्टर कापा आणि घड्या उलगडून आत धातूचा चुरा आहे का ते बघा.