‘रन’ दिसला की लगेच धावायचं नाही

दहावीची नवी बॅच आली की मी आधी हेच बजावते: इंग्रजी वाक्याचं मराठी करताना ‘रन’ दिसला म्हणून ‘धावणे’ लिहून मोकळं व्हायचं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी कोशकार पीटर गिलिव्हर हा शब्द घेऊन बसले, तर नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. आपल्याला ते पाठ करायचे नाहीत.

आधी कर्ता बघा. निम्मं काम तिथेच होतं. ‘हर नोज इज रनिंग’ म्हणजे तिचं नाक गळतंय. ‘द कलर्स रॅन’ म्हणजे धुताना कपड्यांचा रंग गेला. यंत्र, दुकान, संस्था असेल तर डोळे झाकून ‘चालणे’ घ्या. इंग्रज धावतो तिथे आपण चालतो: गिरणी चालते, घड्याळ चालतं, घर चालवावं लागतं. (मला आपलंच आवडतं. ‘चालेल’मध्ये होकारसुद्धा बसतो.) निवडणुकीत मात्र अमेरिकेचा उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनचा ‘स्टँड’ करतो आणि आपलाही उभाच राहतो.

मग ‘रन’च्या मागून येणारा छोटा शब्द बघा. क्रिकेटवाली पोरं हमखास इथेच अडकतात. ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ याचं एकाने लिहिलं होतं, ‘आम्ही दुधामुळे धावबाद झालो.’ अरे बाबा, घरातलं दूध संपलंय, एवढंच! ‘आउट’ला ‘ऑफ’ चिकटला की बहुतेक वेळा काहीतरी संपलेलं असतं. ‘इनटू’ आला तर पुढे काय आहे ते पाहा. मैत्रीण असेल तर ती अचानक भेटली, खांब असेल तर गाडी त्यावर आदळली. ‘ओव्हर’चंही तसंच: कुत्रा गाडीखाली येतो, मीटिंग लांबते.

वहीत ‘रन = अमुक’ असं लिहू नका. अख्खं वाक्य उतरवा आणि शेजारी घरात बोलतो तसं मराठी. ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’समोर ‘मला उशीर होतोय’, ‘इट रन्स इन द फॅमिली’समोर ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते’.

कोशात अर्थांना आकडे असतात. पहिलाच उचलून पळू नका. उदाहरणं वाचत खाली उतरा आणि तुमच्या वाक्याच्या जातीचं वाक्य सापडलं की थांबा.