प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी मेल सर्व्हरची तयारी

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांच्या ऑफिसांतून मेलचा ओघ सुरू होतो. अर्ज मिळाल्याची पोच, गुणवत्ता यादी, फी भरायची मुदत, वसतिगृहाची जागा, सगळं मेलवरच जातं. अक्कलकुव्याच्या पोराला फी भरायची सूचना आज संध्याकाळऐवजी उद्या दुपारी मिळाली, तर त्याची जागा हातची जाऊ शकते. म्हणून ही तयारी मे महिन्यातच उरकायची. आमच्याकडे पोस्टफिक्स हे मेल पोचवणारं सॉफ्टवेअर आहे, तेव्हा नावं आणि आकडे त्याचेच देतो.

आधी घड्याळ. सर्व्हर, फिल्टरचं मशीन आणि मेलबॉक्सचं मशीन, तिन्हींवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू आहे का आणि वेळ जुळते का ते बघून घ्या. मेलच्या हेडरमधल्या ‘रिसीव्हड’ ओळी खालून वर वाचत गेलं की कुठल्या टप्प्यावर किती वेळ गेला ते कळतं, पण घड्याळंच मागेपुढे असतील तर त्या वाचण्यात अर्थ नाही. काही सर्व्हर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितात, तिथे साडेपाच तास मिळवून वाचायचं, नाहीतर नसलेला उशीर दिसायला लागतो.

दुसरी गोष्ट या यादीत सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून थोडं थांबून सांगतो. अ‍ॅडमिशनच्या खिडकीवरून फोन येतो, “भाऊ, मेल टाकला पण समोरच्याला भेटला नाही.” अशा वेळी हात लगेच कॉन्फिगरेशनकडे जातो. तो आवरायचा आणि लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडायचा. डिलिव्हरीच्या प्रत्येक ओळीत ‘डिले’ म्हणून एकूण सेकंद असतात आणि त्याच्यापुढे ‘डिलेज’ म्हणून तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे. मेल आल्यापासून तो शेवटचा अ‍ॅक्टिव्ह रांगेत (पाठवायला घेतलेल्या मेलांच्या) शिरेपर्यंत गेलेला वेळ हा पहिला. अ‍ॅक्टिव्ह रांगेत आपली पाळी येईपर्यंतचा दुसरा. समोरच्या सर्व्हरशी जोडणी व्हायला लागलेला तिसरा, त्यात डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), हेलो (ओळख सांगणं) आणि टीएलएस (सुरक्षित जोडणी) आलं. प्रत्यक्ष मेल पोचवायला लागला तो चौथा. समजा ओळीत डिले ३१२ आहे आणि चार आकडे ०.२, ३०१, ०.८, १० असे आहेत. म्हणजे मेल झटकन आत आला, समोरच्याने झटकन दार उघडलं, आणि मधली पाच मिनिटं तो आपल्याच अंगणात बसून होता. आता इंटरनेटवाल्याला फोन करून काही उपयोग नाही. पहिला आकडा मोठा असेल तर मात्र घाई नको. मेल एकदा समोरून परतवला गेला असेल, तर डिफर्ड (पुन्हा प्रयत्नासाठी बाजूला ठेवलेल्या मेलांच्या) रांगेत घालवलेला वेळही त्याच आकड्यात मोजला जातो. त्या मेलच्या रांग-क्रमांकाने मागच्या ओळी शोधा, ‘डिफर्ड’ असा शेरा सापडला की कारणही तिथेच लिहिलेलं असतं.

शांत आठवड्यातला लॉग आत्ताच बाजूला काढून ठेवा. रोजच्या मेलला साधारण किती सेकंद लागतात आणि रांगेत एरवी किती मेल असतात, हे माहीत नसेल तर गर्दीतले आकडे बघून काहीच ठरवता येत नाही. रांगेत दोनशे मेल हा एखाद्या सर्व्हरसाठी रोजचा दिवस असतो आणि दुसऱ्यासाठी धोक्याची घंटा.

रांग बघायला ‘क्यूशेप’ हाताशी असू द्या. मेल कुठल्या डोमेनकडे निघालेत आणि किती मिनिटं जुने आहेत, याचा तो तक्ता काढतो: ५, १०, २०, ४० असं दुप्पट होत जाणारे रकाने. नुसतं चालवलं तर इनकमिंग (नुकत्याच आत आलेल्या मेलांची) आणि अ‍ॅक्टिव्ह रांग दिसते, डिफर्ड वेगळी मागावी लागते. इनकमिंग फुगली असेल तर डिस्ककडे बघा, किंवा अ‍ॅक्टिव्ह रांगेची २०,००० ची मर्यादा भरली का ते तपासा. अ‍ॅक्टिव्ह फुगली आणि सगळे मेल एक-दोन डोमेनचे असतील, तर ती डोमेनं हळू घेताहेत. जिनिंगच्या काट्यावर एक ट्रॅक्टर अडकला की मागे फाट्यापर्यंत कापसाच्या गाड्या लागतात, तसं इथे होतं: मागचे मेल चांगले असतात, पत्ते बरोबर असतात, आणि तरी ते उभे राहतात.

आमच्याकडे असा अडकलेला ट्रॅक्टर बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्याचा असतो. सायबर कॅफेत घाईघाईने भरलेल्या अर्जात जीमेलच्या स्पेलिंगमधली अक्षरं उलटसुलट होतात. तसल्या डोमेनचा सर्व्हर कधी नसतोच, मग मेल लगेच परत येतो आणि विषय संपतो. कधी मात्र नाव नोंदलेलं असतं आणि पलीकडून उत्तरच येत नाही. तेव्हा पोस्टफिक्स प्रत्येक आयपी पत्त्यावर ३० सेकंद थांबतं, आणि तेवढा वेळ मेल पोचवणारी एक प्रोसेस अडकून राहते. अशा प्रोसेस मुळात १०० च असतात. म्हणून प्रवेश अर्जातच मेलचा पत्ता दोनदा भरून घ्या आणि त्यावर ओटीपी पाठवून खात्री करा. सर्व्हरवर रात्र घालवण्यापेक्षा वेबसाइटवाल्याशी अर्धा तास बोलणं स्वस्त पडतं.

डिफर्ड रांग मोठी दिसली की ‘पोस्टक्यू’ या रांगेच्या कमांडला सगळं पुन्हा ढकलायला सांगायचा मोह होतो. तो टाळा, आणि हाताखालच्या पोरांनाही आत्ताच बजावून ठेवा. सगळी डिफर्ड रांग अ‍ॅक्टिव्हमध्ये ओतली की न जाणारे मेल जाणाऱ्या मेलांच्या वाटेत येतात. पोस्टफिक्स स्वतःच ५ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतं, मग अंतर वाढवत सुमारे ६७ मिनिटांपर्यंत नेतं आणि ५ दिवसांनी मेल परत करतं. समोरच्याने ग्रेलिस्टिंग (अनोळखी सर्व्हरला आधी थांबवायची पद्धत) लावलं असेल तर पहिल्या वेळी तो ४५० (तात्पुरता नकार) म्हणून परतवणारच, पुढच्या फेरीला घेईल. त्यात आपण काही दुरुस्त करायचं नसतं.

डीएनएससाठी सर्व्हरवरच अनबाउंडसारखा कॅश करणारा रिझॉल्व्हर, म्हणजे नाव-पत्ता शोधून उत्तर लक्षात ठेवणारा प्रोग्राम, बसवा. प्रत्येक येणाऱ्या जोडणीला उलटा पत्ता (आयपीवरून नाव) शोधावा लागतो, वर ब्लॉकलिस्टची (स्पॅमसाठी बदनाम आयपींच्या यादीची) विचारपूस, आणि ही सगळी चौकशी दरवेळी बाहेर जायला लागली की सेकंद साठत जातात. स्पॅमहाउसची मोफत ब्लॉकलिस्ट तर मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारली की नीट उत्तरच देत नाही. एक बारीक गोष्ट: डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्सचे काही भाग क्रूटमध्ये (वेगळ्या बंदिस्त फोल्डरमध्ये) चालत असतील, तर ते ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या डीएनएसच्या फाइलची वेगळी प्रत वापरतात. मूळ फाइल बदलली तर पोस्टफिक्स रिस्टार्ट केल्याशिवाय तो बदल आत पोचत नाही. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) अर्धवट चालू असेल तर एकतर नीट करा किंवा पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा, नाहीतर ‘डिलेज’मधला तिसरा आकडा विनाकारण वाढतो.

डिस्कबद्दल थोडक्यात. प्रत्येक मेल डिस्कवर पक्का लिहिल्याशिवाय पोस्टफिक्स तो स्वीकारल्याचं सांगत नाही, म्हणून रांग फिरत्या हार्डडिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. मोकळ्या जागेइतकेच मोकळे आयनोड (डिस्कवरच्या फाइलनोंदींच्या जागा) बघा. लॉगची प्रत्येक ओळही अशीच लगेच डिस्कवर पक्की लिहिली जात नाही ना, हेही तपासा.

व्हायरस आणि स्पॅमचा फिल्टर रांगेनंतर लावलेला असेल, तर लॉगमध्ये एकाच मेलच्या दोन डिलिव्हऱ्या दिसतात, आणि पहिल्या डिलिव्हरीचा चौथा आकडा म्हणजे फिल्टरने खाल्लेला वेळ. तो वाढला असेल तर अमाविस या फिल्टर प्रोग्रामच्या प्रोसेस किती आहेत ते बघा. मुळात त्या २ च असतात, आणि वाढवल्या तर पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमधला फिल्टरच्या प्रोसेसचा आकडाही तेवढाच ठेवावा लागतो. मात्र रॅम मोजून वाढवा. व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही एकटाच एक जीबीच्या वर घेतो, आणि नव्या सह्या (व्हायरसच्या खुणा) भरताना जुन्या-नव्या दोन्ही काही वेळ मेमरीत असतात. मशीन स्वॅपवर (रॅम संपून डिस्कवर) गेलं की सगळंच रांगतं. फिल्टर भरलेला असताना पोस्टफिक्सच्या प्रोसेस वाढवणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी ओझं टाकणं, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता बाहेरची बाजू. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. वैयक्तिक जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० च्या आसपास मेल गेले की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याच्या खातरजमेच्या तिन्ही पद्धती लागतात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. एक गुणवत्ता यादी पाठवली की मोठी संस्था त्या आकड्याला सहज पोचते. नियमात बसलो नाही तर ४२१ म्हणजे तात्पुरता नकार येतो आणि मेल मागे राहतात, किंवा थेट परत येतात. आयपीची उलटी नोंद बरोबर आहे का तेही बघा. ती नोंद इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या हातात असते, आणि आमच्याकडच्या कंपनीने ती करायला इतके दिवस लावले की जूनमध्ये मागितली असती तर हंगाम निघून गेला असता. यादीचे मेल आणि प्राचार्यांचे रोजचे मेल एकाच वाटेने सोडू नका. घाऊक मेलसाठी वेगळी ट्रान्सपोर्ट (पोस्टफिक्समधली बाहेर जायची वेगळी वाट) करून तिथे एका डोमेनला एका वेळी मोजक्याच जोडण्या ठेवा.

रांग अचानक हजारांत गेली आणि यादी कुणी पाठवलेली नसेल, तर एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला असं धरून चाला. क्यूशेपला पाठवणाऱ्यांप्रमाणे तक्ता मागा, लॉगमध्ये लॉगिनचं नाव शोधा, ते खातं बंद करा, त्याचे मेल आधी होल्डवर (न पाठवता अडवून) टाका आणि पुसायचं नंतर बघा, कारण त्यात खऱ्या अर्जदाराचं उत्तरही असू शकतं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. सर्व्हरच्या खोलीतला एसी यूपीएसवर नसतो, त्यामुळे लाइट गेल्यावर मशीन चालू राहतं आणि खोली तापत जाते. तापलेलं मशीन वेग कमी करतं, आणि मेलच्या लॉगमध्ये ते कुठेच लिहून येत नाही. खोलीत तापमापक लावा, आणि रविवारी किल्ली कुणाकडे असते ते फळ्यावर लिहा.

शेवटी तालीम. पोस्टफिक्ससोबत ‘एसएमटीपी-सोर्स’ आणि ‘एसएमटीपी-सिंक’ अशी दोन साधनं येतात, एक मेलचा मारा करतं आणि दुसरं ते घेऊन टाकून देतं. चाचणीपुरते सगळे मेल सिंककडे वळवा, म्हणजे एकही बाहेर जाणार नाही. मग गुणवत्ता यादीएवढेच मेल रात्री आपल्याच सर्व्हरवर सोडा आणि ते चार आकडे बघत बसा. जो आकडा आधी फुगेल, तिथून कामाला लागा.